पाणी, तेल आणि सोवळे

चित्रकलेत सोवळे पाळणारी माणसे दोन प्रकारची असतात. पहिली कलाशाळांच्या आसपास आढळतात, दुसरी आदिवासी कलावस्तूंच्या दुकानांत. पहिल्यांचे म्हणणे असे की, तैलरंग म्हटला की त्याला टर्पेंटाइन हवेच. पाण्याने पातळ होणारा तैलरंग हा बाटलेला तैलरंग. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, डहाणू-तलासरीकडच्या वारली मुलाने तांदळाच्या पिठाखेरीज दुसऱ्या कशाला हात लावला की ते मूलच बाटले. दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. बसले आहेत मात्र एकाच पाटावर. कुणाच्या हातात कोणते द्रव्य शोभते, हे हात पुढे येण्याच्या आधीच ठरवून टाकायचे, हा तो पाट. तो ओढून घ्यावा एवढ्याचसाठी हा लेख आहे.

ज्या वस्तूवरून हा वाद आहे ती आधी नीट पाहून घेऊ. पाण्यात मिसळणारे तैलरंग १९९० नंतर अमेरिका, युरोप आणि जपान येथील कारखाने बाजारात आणू लागले. विन्सर अँड न्यूटनचे ‘आर्टिझन’, रॉयल टालेन्सचे ‘कोब्रा’, होल्बाइनचे ‘ड्युओ’ ही त्यांतली काही नावे. नाव ऐकून पुष्कळांना वाटते की हे पोस्टर कलरचेच एक भावंड असावे. तसे नाही. हे तैलरंगच आहेत. फरक इतकाच की ते पाण्याने पातळ करता येतात आणि कुंचला साबणाच्या पाण्याने धुता येतो.

रंगाच्या नळीत मुख्य गोष्टी दोनच: रंगाची पूड आणि ती धरून ठेवणारे द्रव्य. डिंकाच्या पाण्यात पूड खलली की जलरंग, जवसाच्या तेलात खलली की तैलरंग. पूड पुष्कळदा तीच असते. आपल्या कुडाच्या भिंतीवरचा गेरू आणि परदेशी नळीतला ‘बर्न्ट सिएना’ हे एकाच रक्ताचे आहेत. दोघांचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमधून आलेला आहे. आणि ते तेल तरी कुठले? ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्याच जवसाचे. पांढरा रंग लवकर पिवळा पडू नये म्हणून पुष्कळ कारखाने त्यात करडईचे तेल घालतात. जवस आणि करडई! तैलरंग ही साहेबाची विद्या आहे असे सांगणाऱ्यांनी एकदा तेलाच्या घाण्यावर जाऊन यावे.

राहिला प्रश्न तेल-पाण्याच्या वैराचा. ते वैर खरेच आहे. पण ते मिटवण्याची युक्ती आपण रोज सकाळी पितो. दूध म्हणजे पाण्यात बारीक कण होऊन राहिलेली चरबीच की! ती वेगळी पडत नाही, कारण दोघांमध्ये समेट घडवणारी द्रव्ये दुधात असतात. साबणही खरकट्या भांड्यावर हेच काम करतो. या रंगांतल्या तेलाला अशाच समेट करणाऱ्या द्रव्याची जोड दिलेली असते, किंवा ते तेलच थोडे बदलून घेतलेले असते. चित्रावर लावल्यावर आधी पाणी उडून जाते. मग उरलेले तेल हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होत जाते, अगदी साध्या तैलरंगाप्रमाणेच. म्हणजे वाळण्याची रीत तेलाचीच राहते. पाणी सुरुवातीपुरते पाहुणे येते आणि निघून जाते.

आता पहिल्या सोवळ्याकडे वळू. टर्पेंटाइन हे पाइनच्या चिकापासून काढलेले द्रव्य. ते भडकन पेट घेते, त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात, डोके चढते, कित्येकांच्या कातडीवर पुरळ उठते. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या चित्रशाळेत ते एक वेळ चालून जाईल. पण ज्या खोलीत चाळीस मुले दिवसा शिकतात आणि रात्री तिथेच अंथरूण पसरतात, तिथे ते नेऊन ठेवणारा मास्तर मला दाखवा. मी त्याला लांबून नमस्कार करीन. तैलरंग खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोहोचले नाहीत याचे एक कारण पैसा आहे हे खरे, पण दुसरे कारण ही बाटली आहे. ती बाटली या नव्या रंगाने दारातून बाहेर काढली. एवढ्या एका उपकारासाठीच त्याचे चार अवगुण पदरात घ्यायला हरकत नाही.

अवगुण आहेतच. पाणी मिसळले की रंग दुधाळ आणि फिका दिसतो, वाळताना पुन्हा गडद होतो. त्यामुळे शिकणाऱ्याचा अंदाज चुकतो. काही रंग कुंचल्याखाली चिकटतात. जुन्या तैलरंगाची कसोटी शतकांनी घेतली आहे. या रंगाच्या पाठीशी अजून चार दशकेही नाहीत. त्यावर जाणकार विचारतात, ‘हे पाचशे वर्षे टिकेल याची हमी काय?’ हमी नाही. पण ज्या मुलाला अजून प्रकाश कोणत्या बाजूने पडतो हे ओळखायला शिकायचे आहे, त्याच्या पहिल्या चित्राला पाचशे वर्षांची हमी मागणे म्हणजे बालवर्गातल्या पाटीवर ताम्रपटाचा शिक्का मागण्यासारखे आहे.

‘टर्पेंटाइन नको तर साध्या तैलरंगातही ते टाळता येते, मग ही नवी नळी कशाला?’ असा एक आक्षेप शहाणी माणसे घेतात. तो खरा आहे. नुसत्या तेलात रंगवता येते आणि कुंचलाही आधी तेलाने, मग साबणाने साफ करता येतो. परंतु पहिला पातळ थर देण्याची सोय त्यात राहत नाही. शिवाय तासाची घंटा झाल्यावर चाळीस कुंचले तेलाने पुसत बसायला कोणत्या शाळेला सवड आहे? शिकवण्याच्या कामात सोय ही क्षुल्लक गोष्ट नसते. ज्या साधनाची आवराआवर अवघड ते साधन कपाटातच राहते.

आणि तेलाच्या थोरवीचा एवढा डंका वाजवणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा निघाली आणि तैलरंगाला आपल्याकडे मानाची खुर्ची मिळाली, हे खरे. पण हातातल्या समईच्या उजेडात उभ्या असलेल्या स्त्रीचे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले ते प्रसिद्ध चित्र आठवा. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. कितीएक लोक ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजून त्याची तारीफ करून गेले. ते जलरंगातले आहे! जो उजेड तेलाशिवाय येत नाही म्हणतात तो हळदणकरांनी पाण्यात आणून दाखवला. थोरवी द्रव्यात असती तर दुकानदारच सगळ्यांत मोठा चित्रकार ठरला असता.

इथवर कलाशाळेतले सोवळे झाले. दुसरे सोवळे अधिक धोक्याचे आहे, कारण ते प्रेमाच्या वेषात येते.

वारली चित्रकलेचे प्रेमी म्हणतात: या लोकांची कला शुद्ध आहे, तिला हात लावू नका. कुडाची भिंत, तिच्यावर शेण-मातीचा आणि गेरूचा लेप, त्यावर तांदळाच्या पिठाचे पाणी, थोडा डिंक आणि ठेचून कुंचल्यासारखे केलेले बांबूचे टोक. बस्स, याच्या पुढे जाल तर खबरदार. या प्रेमींना इतिहास थोडा तपासायला सांगितला पाहिजे. लग्नघरातला चौक लिहायचा मान सवाष्णींचा. त्यात पालघाट देवी बसवायची, तिच्या साक्षीने लग्न लागायचे. चित्र विधीचे होते, बायकांचे होते आणि ते टिकावे अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. पुढच्या लेपाखाली ते गेले तर गेले.

मग सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या भागात आले. बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देणारे तेच हे कुलकर्णी. त्यांना इथे जिव्या सोमा मशे भेटले. जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा, पुढचे आयुष्य डहाणू तालुक्यात गंजाडच्या कळंबीपाड्यावर. लहानपणी आई गेली तेव्हा हा मुलगा बोलायचा थांबला आणि धुळीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगतात. या माणसाने काय केले ते पाहा. बायकांचे काम पुरुषाने हाती घेतले. लग्न नसताना चित्र काढले. भिंत सोडून कागदावर आणि कापडावर काढले. शेणाने सारवलेल्या कापडावर तांदळाच्या पिठाऐवजी नळीतला पांढरा रंग वापरला. जाळे टाकणारा कोळी काढला, मुंग्यांचे वारूळ काढले. परंपरेची एवढी मोडतोड एका माणसाने केली. आणि १९७६ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या बरोबरीने त्याची चित्रे मांडली गेली, २०११ साली पद्मश्री आली. २०१८ साली मशे गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना परंपरेचे रक्षक म्हटले.

ते रक्षक होते हे खरेच. पण ते परंपरा मोडून तिचे रक्षण करणारे होते, हे छापायला जागा उरली नसावी. मशांनी भिंत ओलांडली म्हणून आज ती भिंत जगाला ठाऊक आहे. त्याच मशांचे नाव घेऊन आता त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या मुलांना सांगितले जाते की, तुम्ही मात्र भिंत ओलांडायची नाही!

मी हे उगीच म्हणत नाही. आमच्या भागातल्या एका शाळेत बाहेरगावचे पाहुणे आले होते. फळ्याजवळ मुलांची चित्रे टांगलेली. एका मुलीने संध्याकाळच्या खाडीत बसलेली म्हैस रंगवली होती. पाणी जांभळे आणि म्हशीच्या पाठीवर नारिंगी उजेड. चित्र कच्चे होते, पण त्या पोरीने पाठीवरचा उजेड पाहिला होता. पाहुण्यांनी मान वाकडी करून पाहिले आणि प्रेमळपणे विचारले, ‘अगं, तुमचे ते वारली नाही का येत तुला?’ मुलगी गप्प राहिली. तिने पुढच्या वेळी तारप्याचा फेर काढला. पांढऱ्या रेघा, दोन त्रिकोणांचे अंग, वर गोल डोके. पाहुणे खूश, बक्षीस मिळाले, आणि तो जांभळा रंग त्या वर्षी पुन्हा कुणी पाहिला नाही.

ब्राह्मणाच्या मुलाने तैलरंगात निसर्गचित्र काढले तर त्याला कुणी विचारते का, की अरे, तुमच्या आजीची रांगोळी का नाही काढलीस? त्याला व्यक्तिमत्त्व असते. वारली मुलीला फक्त जमात असते. हा न्याय कुठला?

आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असे म्हणाले. सावकार-जमीनदारांच्या शेतावर फुकट राबण्याची ती वेठ. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती हकीकत लिहून ठेवली आहे. शरीराची ती वेठ गेली. पण गिऱ्हाइकाला हवा तोच फेर, हव्या त्याच दोन रंगांत, पिशवीवर, कपावर, फाटकावर आणि सरकारी कचेरीच्या कुंपणावर आयुष्यभर काढत राहा, असे एखाद्या मुलाला सांगणे ही हाताची वेठ नव्हे तर काय? फरक इतकाच की या वेठीचे थोडे पैसे मिळतात आणि वर कौतुक होते.

गैरसमज नको. चौक लिहिणाऱ्या बायकांनी तो लिहावा, शंभर वर्षे लिहावा. वारली चित्रे विकून ज्यांच्या घरची चूल पेटते त्यांनी ती अवश्य विकावी. तांदळाचे पीठ टाका आणि नळी घ्या असे मी म्हणत नाही. नळी पुढे ठेवा आणि मुलाला ठरवू द्या, एवढेच म्हणतो. ज्याला पीठ येते आणि तेलही येते त्याने पीठ निवडले, तर ती निवड. ज्याला पिठाखेरीज काही दाखवलेच नाही त्याचे पीठ म्हणजे शिधा.

‘पण शिकवायचे कसे? हे कलाशाळेचे काम, तिथली पदवी लागते,’ असे कुणी म्हणेल. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहे आणि मला पदवीचा आदर आहे. पण ज्या डोंगरावर ही पदवी कधी चढून आली नाही त्या डोंगराने वाट पाहत बसावे काय? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघांनी ते जन्मभर चालवले. मॉन्टेसोरीची महागडी साधने परवडत नाहीत म्हणून त्या दोघी रडत बसल्या नाहीत. शिंपले, बिया, पाने, खडे, जे हाताशी होते त्यांची साधने केली. मुले कुरणात गुरे राखत असतील तर शाळाच कुरणात नेली. त्याच टेकडीच्या पायथ्याशी राहून आपण साधनांच्या सोवळ्यावर वाद घालावा, हे शोभत नाही.

तेव्हा कसे सुरू करायचे ते सांगून टाकतो. त्यात गूढ असे काही नाही.

नळ्या पाच पुरेत: टायटॅनियम पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन निळा आणि कॅडमियम नसलेला एक पिवळा. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळले की जवळजवळ काळा होतो, म्हणून काळी नळी नको. पिवळा आणि निळा मिळून झाडांची हिरवाई होते. कापड परवडत नसेल तर जाड पुठ्ठ्यावर किंवा हार्डबोर्डवर अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन-तीन हात द्यावेत. नुसत्या कागदावर मात्र रंगवू नये. तेल कागदात मुरते आणि पुढे कागद ठिसूळ होतो. कुंचले नायलॉनचे घ्यावेत, कारण डुकराच्या केसांचे पाण्यात मऊ पडतात. रंग मिसळायला चिनी मातीची जुनी बशी चालते.

पहिल्या दिवशी समोर एक चिकू ठेवावा. घोलवड-डहाणूच्या मुलाला चिकू ओळखीचा. त्याची कातडी गेरूच्या कुळातली, चकाकी नसलेली, म्हणून सुरुवातीला सोपी. खिडकी एकाच बाजूला हवी. बर्न्ट सिएनात थोडे पाणी घालून पातळ रंगाने आकार आणि सावली मांडावी. पाणी थोडेच, रंग सरबतासारखा केला तर त्यातले तेल विरळ होते, रंगाचे पाणीपाणी होऊन ओघळ येतात आणि वाळलेला थर कमजोर राहतो. तो थर बसला की दुसऱ्या थरात पाणी कमी. शेवटच्या थरात पाणी नाहीच; लागले तर याच रंगांसाठी मिळणारे जवसाचे तेल एक-दोन थेंब. खाली सडसडीत, वर तेलकट, हा तैलरंगाचा जुना नियम इथेही लागू आहे. उलट केले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो, आणि पुढे चित्राला भेगा पडतात.

मग धीर धरायचा. हाताला कोरडे लागायला काही दिवस, जाड थराला आठवडे. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याहूनही जास्त. म्हणून दसऱ्यानंतर सुरुवात केलेली बरी. वार्निश सहा महिन्यांच्या आत लावू नये. आवरताना कुंचला आधी चिंधीने पुसावा, मग साबणाने धुवावा. रंगाचे पाणी विहिरीकडे किंवा ओहोळात ओतू नये. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या ओल्या करून उघड्यावर पसराव्यात. आणि पाण्याने धुतला जातो म्हणून हा रंग तोंडात गेला तरी चालेल असे समजू नये. हे रंग आठवीच्या पुढच्या मुलांच्या हाती द्यावेत. लहानांना गेरू आणि खडू पुष्कळ आहेत.

खर्च आहे. हे रंग बहुतेक परदेशी, आणि ते मागवून घ्यावे लागतात. पण पाच नळ्यांत एक वर्ग पुष्कळ दिवस चालतो, आणि ज्या शाळेच्या कुंपणावर दरवर्षी वारली चित्रे रंगवून घ्यायला पैसे निघतात तिथे पाच नळ्यांनाही निघतील. निघत नसतील तर प्रश्न पैशाचा नाही, मनाचा आहे. आणि मन कशाला कचरते हे आता आपल्याला माहीत झाले आहे. या मुलाने तेल हातात घेतले तर त्याच्याकडून काय निघेल हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेले चित्र आपल्याला नको आहे. आपल्याला ओळखीचा फेर हवा आहे, भिंतीवर शोभणारा, पाहुण्यांना दाखवता येणारा.

मुलांच्या हातात नळ्या द्या आणि पुढचे चित्र काय निघते ते पाहायला शिका. ते आवडले नाही तर खुशाल आवडले नाही म्हणा; वाईट असेल तर वाईट म्हणा. तेवढा मान त्या मुलांना आजवर कुणी दिलेला नाही. फक्त ‘हे तुमचे नव्हे’ असे म्हणू नका. ज्याच्या हातून जे निघाले ते त्याचेच असते, मग ते पिठाचे असो की तेलाचे.